झॉम्बी आणि झोंबी

गेल्या उन्हाळ्यात आई सहा महिन्यांच्या व्हिसावर आमच्याकडे शेफील्डला आली होती. पहिल्याच आठवड्यात रात्री अकराला पाणी प्यायला उठली आणि माझ्या खोलीत उजेड दिसला म्हणून डोकावली. स्क्रीनवर एक अंधारलेलं गाव, दगडी कुंपणं आणि कुंपणापलीकडे खुरडत चालणारी माणसं.

"हे काय करलालास रे? ऑफिसचं काम आहे का?"

"नाही गं. गेम बनवतोय. झॉम्बीचा."

"झोंबी? आनंद यादवांची?"

मला हसू आवरेना. आमचे अण्णा उमरग्याला शाळेत मराठी शिकवायचे. त्यांच्या कपाटात 'झोंबी' कायम पुढच्या ओळीत असायचं. मग मी आईला समजावून सांगितलं. हे झॉम्बी म्हणजे मेलेली, पण चालणारी माणसं. ती चावतात, आणि ज्याला चावतात तोही तसाच होतो. सगळं जग असं झालंय आणि थोडी जिवंत माणसं उरली आहेत. आईनं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मग ह्यात भांडण कुणाचं? मेलेल्याशी कसलं आलंय भांडण?"

तिला काय सांगणार? याच प्रश्नावर आम्ही तिघं अडीच वर्षं डोकं खाजवतोय.

आम्ही तिघं म्हणजे मी, चित्रं काढणारा शेफील्डचाच एक मित्र आणि आवाज-संगीत सांभाळणारी पोलंडहून आलेली मैत्रीण. पोटापाण्याचा धंदा वेगळा. मी दिवसभर दवाखान्यांच्या अपॉइंटमेंटचं सॉफ्टवेअर लिहितो. गेम हा शनिवार-रविवारचा उद्योग. बायको त्याला 'तुझी दुसरी शिफ्ट' म्हणते.

ज्यांचा गेमशी संबंध येत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आमचा गेम 'सर्व्हायव्हल' प्रकारचा आहे. यात राजकन्या सोडवायची नसते, कप जिंकायचा नसतो. फक्त तगून राहायचं. अन्न शोधा, पाणी साठवा, जखम बांधा, रात्री झोपायला जागा बघा. आणि आमच्या गेममध्ये झॉम्बी हा मुख्य शत्रू नाही. उरलेली माणसं एकमेकांशी कशी वागतात, हा आमचा विषय.

ही कल्पना काही आमची नव्हे. १९६८ साली अमेरिकेत जॉर्ज रोमेरोनं 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' काढला, तेव्हापासून ती चालत आली आहे. त्या सिनेमात एका शेतघरात अडकलेली माणसं बाहेरच्या मढ्यांपेक्षा आपापसातच जास्त भांडतात: तळघरात लपायचं की वरच थांबायचं? आणि सगळ्यातून वाचलेल्या नायकाला सकाळी मदतीला आलेली माणसंच झॉम्बी समजून गोळी घालतात. इकडे ब्रिटनमध्ये २००२ साली डॅनी बॉइलचा '२८ डेज लेटर' आला. ओस पडलेल्या वेस्टमिन्स्टर पुलावरून एकटा चालणारा किलियन मर्फी अनेकांना आठवत असेल. त्या सिनेमातही खरी भीती वाटते ती शेवटी भेटणाऱ्या सैनिकांची. आपल्याकडे २०२२ साली आदित्य सरपोतदारांनी 'झोंबिवली' केला. त्यातही टॉवर आणि शेजारची वस्ती हा झगडा आहेच. डोंबिवलीकरांना तो समजावून सांगावा लागला नसेल!

गेमच्या जगात या बाबतीत सगळ्यात चिवट नाव म्हणजे 'प्रोजेक्ट झोम्बॉइड'. तो इथलाच, ब्रिटनमधल्या 'द इंडी स्टोन' या छोट्या चमूचा. २०११ साली त्यांनी तो लोकांसमोर आणला. त्याच वर्षी न्यूकॅसलमधल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये चोरी झाली आणि लॅपटॉपबरोबर बरंचसं कामही गेलं. ताजी प्रत दुसरीकडे ठेवलेली नव्हती. लोकांनी नावं ठेवली, पण ती मंडळी पुन्हा कामाला बसली. आज जगभरातले लाखो लोक तो गेम खेळतात. त्यात काही दिवसांनी वीज जाते, नळ बंद होतात, डोक्यावरून हेलिकॉप्टर गेलं की त्या आवाजानं आसपासचे झॉम्बी गोळा होतात. झॉम्बी चावला की खेळ संपलाच म्हणून समजा.

पण मला सगळ्यात बोलकी वाटते ती दुसरीच गोष्ट. त्या गेमच्या सुरुवातीच्या आवृत्तीत एका घरात बॉब आणि त्याची जखमी बायको केट होती. कॉम्प्युटरनं चालवलेली इतर माणसंही होती. पुढे गेमचा पसारा वाढला आणि ती माणसं काढून टाकावी लागली. 'परत आणू' असं ते तेव्हापासून सांगताहेत. डिसेंबर २०२४ मध्ये त्यांनी चाचणीसाठी जी मोठी आवृत्ती खुली केली, तीत गाई आल्या, कोंबड्या आल्या, मेंढ्या आल्या. माणसं मात्र पुढच्या आवृत्तीत! तेरा-चौदा वर्षं मेहनत करणाऱ्या, आपल्या कामात मुरलेल्या लोकांची ही गत.

असं का होतं, हे आम्हाला स्वतः करायला बसल्यावर कळलं. झॉम्बी लिहायला एक दुपार पुरते. आवाज आला की तिकडे जा. माणूस दिसला की त्याच्या मागे लाग. हाताशी आला की चाव. झालं! त्याला ना भूक, ना लाज, ना कालची आठवण. माणूस लिहायला बसलं की प्रश्न सुरू होतात. हा भुकेला आहे, पण समोरच्याकडची भाकरी हिसकावेल का? त्याच्यासोबत लेकरू असेल तर? समोरचा ओळखीचा असेल तर? आणि परवा त्याच माणसानं याला दार उघडलं नसेल तर?

आमची पद्धत साधी होती. प्रत्येक माणसाला भूक, थकवा, भीती असे आकडे दिले आणि दुसऱ्या प्रत्येक माणसाबद्दल 'विश्वास' नावाचा एक आकडा. समोर कुणी आलं की प्रोग्राम सगळे पर्याय तोलतो आणि ज्याचं पारडं जड, ते करतो. पहिल्या वर्षी आम्ही गावात बारा माणसं सोडली आणि नुसतं बघत बसलो. तिसऱ्या दिवसापर्यंत सगळ्यांनी एकमेकांना मारून टाकलं. पुन्हा चालवलं, पुन्हा तेच. भुकेचे आकडे कमी केले, अन्न वाढवलं, तरी चौथ्या दिवशी तेच. झॉम्बींना काही कामच उरलं नाही.

"माणूस असाच असतो," मी म्हटलं. थोडा खूशही होतो. केवढं कडवट सत्य आपण कोडमधून सिद्ध केलं!

चित्रं काढणारा मित्र गप्प होता. त्याचा आजोबा इथल्या कोळशाच्या खाणीत होता. १९८४ च्या मार्चपासून वर्षभर खाणकामगारांचा संप चालला. शेफील्डजवळच्या ऑरग्रीव्हला त्या जूनमध्ये पोलीस आणि संपकऱ्यांची मोठी चकमक झाली, तिथे हा आजोबा होता. त्याचा सख्खा भाऊ मात्र हिवाळ्यात, घरात पैसा उरला नाही म्हणून, संप मोडून कामावर गेला. दोघं एकाच गल्लीत राहायचे. मरेपर्यंत एकमेकांशी बोलले नाहीत. "पण कुणी कुणाला मारलं नाही," मित्र म्हणाला. "आजोबा आजारी पडला तेव्हा बाहेरचा बर्फ भाऊच खोऱ्यानं काढायचा. न बोलता. तुझ्या आकड्यात हे कुठं बसतं?"

कुठंच बसत नव्हतं. त्या रात्री मी कोड पुन्हा पहिल्यापासून वाचला. विश्वास कमी करणाऱ्या सतरा घटना आम्ही लिहिल्या होत्या. चोरी, खोटं बोलणं, शस्त्र रोखणं, दार न उघडणं वगैरे. विश्वास वाढवणारी? एकही नाही. आमची माणसं वाईट नव्हती. चांगलं वागायची सोयच आम्ही ठेवली नव्हती.

आता एक गोष्ट सांगतो, ती मी आजवर घरीही नीटशी सांगितलेली नाही.

मार्च २०२० मध्ये इथं लॉकडाउन लागायच्या आधी दुकानांतून टॉयलेट पेपर, पास्ता, पीठ गायब झालं होतं. मी इंडियन दुकानातून आट्याच्या दोन गोण्या, तांदळाच्या तीन आणि डाळी भरून आणल्या. गॅरेजमध्ये रचून ठेवल्या. समोरच्या घरात ऐंशी ओलांडलेली एक बाई एकटी राहायची. दोन दिवसांनी तिनं कुंपणापलीकडून विचारलं, कुठं पीठ मिळालं का? मी म्हटलं, "दुकानांत नाहीये." वाक्य अगदी खरं होतं. पाठीमागे गॅरेजचं दार बंद होतं.

त्या काळात दर गुरुवारी रात्री आठ वाजता सगळी गल्ली दारात येऊन डॉक्टर-नर्सेससाठी टाळ्या वाजवायची. अशाच एका गुरुवारी टाळ्या संपल्यावर पाहिलं, तर आमच्या पायरीवर टॉयलेट पेपरचे चार रोल आणि चिठ्ठी: तुमच्याकडे लहान मूल आहे, तुम्हाला जास्त लागत असतील. दुसऱ्या दिवशी मी दोन किलो आटा तिच्या पायरीवर ठेवून आलो. तिनं त्याचा ब्रेड केला, तो काही फुगला नाही आणि त्यावरून ती महिनाभर मला चिडवत होती. गॅरेजमधल्या गोण्यांचं तिला कधीच सांगितलं नाही. आणि त्याच दिवसांत तिकडे उमरग्यात एकट्या आईच्या दाराशी शेजारचा पोरगा रोज दुधाची पिशवी अडकवून जात होता, त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

आमच्या गेममधला साठेबाज मी इतक्या बारकाईनं कसा लिहिला, हे माझ्या दोघा सोबत्यांना माहीत नाही. आता कळेल.

जुलैत आईला घेऊन आम्ही ईमला गेलो. डर्बीशायरच्या डोंगरातलं हे खेडं शेफील्डहून गाडीनं अर्ध्या-पाऊण तासावर आहे. १६६५ साली लंडनहून एका शिंप्याकडे कापडाचा गठ्ठा आला आणि त्यातून प्लेग गावात शिरला, असं सांगतात. पुढच्या उन्हाळ्यात विल्यम मॉम्पेसन या तरुण पाद्र्यानं आणि त्याच्या आधीच्या थॉमस स्टॅन्ली या पाद्र्यानं मिळून गावाला राजी केलं: कुणी गाव सोडायचं नाही, रोग शेजारच्या गावांत न्यायचा नाही. दोघांचं आपसात धर्ममतावरून पटत नव्हतं, तरी एकत्र आले. गावाच्या शिवेवर एक दगड आहे. त्यात खळगे आहेत. खळग्यांत व्हिनेगर, व्हिनेगरमध्ये नाणी. शेजारच्या गावचे लोक येऊन अन्न ठेवायचे आणि नाणी घेऊन जायचे. साधारण अडीचशेवर माणसं गेली असं मानतात. एलिझाबेथ हॅनकॉक नावाच्या बाईनं आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं आपल्या हातानं पुरली. त्यांच्या थडग्यांपाशी आई बराच वेळ उभी होती.

पण ही नुसती संतांची गोष्ट नव्हे. मॉम्पेसननं आपली दोन मुलं गाव बंद व्हायच्या आधीच बाहेर पाठवली होती. बायको मात्र त्याच्याजवळ राहिली आणि प्लेगनंच गेली. मी आईला हे सांगितलं तेव्हा वाटलं, ती त्याला नावं ठेवेल. ती म्हणाली, "लेकरं पाठवणारच की. मी पण पाठवले असते." मग त्या दगडावर हात फिरवत म्हणाली, "हे बरं आहे. शिवायचं नाही, आन उपाशीबी ठेवायचं नाही."

परतीच्या वाटेवर तिनं किल्लारीचा विषय काढला.

'प्रोजेक्ट झोम्बॉइड'ची गोष्ट अमेरिकेतल्या केंटकीत जुलै १९९३ मध्ये सुरू होते. तो आकडा पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी दचकलो होतो. आमचं जग बदललं ते त्यानंतर तीन महिन्यांच्या आत. अनंत चतुर्दशीला गणपती बोळवून लोक झोपले आणि ३० सप्टेंबरच्या पहाटे चारच्या सुमारास जमीन हलली. मी तेव्हा चौथीत होतो. उमरग्यात आम्ही अंगणात पळालो, वाचलो. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावं मात्र दगडमातीच्या जाड भिंतींखाली गेली. सरकारी आकड्यानुसारच जवळपास आठ हजार माणसं. वरून पाऊस.

अण्णा दुसऱ्या दिवशी भाकरीची गाठोडी घेऊन ट्रकमधून सास्तूरला गेले आणि आठवडाभर परतले नाहीत. त्यांनी नंतर सांगितलेलं आईच्या अजून पाठ आहे. ढिगाऱ्यातून आपल्याच शेजाऱ्याची भांडी उचलणारे त्यांनी पाहिले. लांबून आलेले, स्वतःचं नाव न सांगता प्रेतं उचलणारेही पाहिले. पाण्याचा टँकर आला की झोंबाझोंबी व्हायची. 'आमच्या आळीला आधी, तुमच्या नंतर.' ज्यांचं घरातलं कुणी गेलं होतं तीच माणसं घागरीवरून अंगावर धावून जायची. तिसऱ्या दिवशी अण्णांनी एक वही घेतली, सगळ्यांची नावं लिहिली आणि टँकरवर उभं राहून शाळेतल्यासारखी हजेरी घ्यायला सुरुवात केली. ज्याचं नाव येईल त्यानं 'हजर' म्हणायचं आणि घागर भरायची. भांडण थांबलं. गेलेल्यांची नावं वहीत नव्हती, तरी एक म्हातारी रोज यायची आणि नातवाचं नाव घ्यायला सांगायची. अण्णा घ्यायचे. एक तांब्या जास्त द्यायचे.

मला हे सगळं ठाऊक होतं, लहानपणापासून. तरी गेम लिहिताना ते मला सुचलं नव्हतं. बाहेरच्या सिनेमांतली माणसं मला खरी वाटत होती आणि घरातली गोष्ट निव्वळ आठवण वाटत होती.

त्या रविवारी आम्ही आईला गेम खेळायला बसवलं. कीबोर्ड माझ्याकडे, हुकूम तिचे. रात्र झाली, दारावर थाप पडली. बाहेर एक बाई, कपड्यांवर रक्त. चावलेली आहे की नुसती खरचटलेली, कळत नाही. पडद्यावर तीन पर्याय: दार उघडा, दार लावून घ्या, गोळी घाला.

"नाव काय तिचं?" आईनं विचारलं.

नाव आम्ही ठेवलंच नव्हतं. कोडमध्ये ती 'अनोळखी–४' होती.

"बरं, तिला म्हण तिकडं गोठ्यात थांब. आन भाकरी दे. सकाळी बघू."

"आई, असा पर्याय नाहीये."

"मग काय कामाचा तुझा गेम?"

पोलिश मैत्रिणीनं विचारलं, काय म्हणाल्या त्या? मी भाषांतर करून सांगितलं. तिघंही थोडा वेळ गप्प बसलो.

त्यानंतर चार महिने आम्ही तेच लिहीत होतो. आता गावाच्या शिवेवर एक दगड आहे. तिथं अन्न ठेवता येतं, समोरासमोर न येता. घेणारा बदल्यात काही ठेवू शकतो किंवा न ठेवता जाऊ शकतो. समोरच्याचं नाव विचारता येतं, पण त्याला वेळ लागतो आणि तेवढ्यात मागून झॉम्बी येऊ शकतो. एकदा नाव कळलं की मात्र 'अनोळखी' हा शब्द पडद्यावरून जातो तो कायमचा. आणि लोक आठवण ठेवतात. वाईटाची, तशी चांगल्याचीही. न बोलता बर्फ काढणारा भाऊ आता आमच्या आकड्यांत बसतो.

म्हणून सगळं गोड झालं का? छे. चाचणीला बसवलेल्या एका मित्रानं दगडावर भाकरी ठेवली, भिंतीआड लपला आणि न्यायला आलेल्या म्हाताऱ्याला लुटलं. आम्ही ते काढून टाकलं नाही. पण ते लांबून पाहणारी माणसं नंतर दगडाकडे फिरकेनाशी झाली आणि त्या मित्राचा शेवट भुकेनं झाला. तो चिडला, मग दुसऱ्यांदा खेळायला बसला. गावात अजूनही माणसं मरतात, भांडतात, चोरतात. फक्त ती तिसऱ्याच दिवशी संपत नाहीत.

एका प्रकाशक कंपनीच्या माणसाला आम्ही हे दाखवलं. तो म्हणाला, छान आहे, पण बंदुका वाढवा, दगडाला कोण पैसे देणार? बरोबर असेलही त्याचं. आम्हाला अजून ठाऊक नाही. बायकोनं मला पुढचा उन्हाळा दिला आहे, तोवर लोकांसमोर आणायचं. नाही जमलं तर दुसरी शिफ्ट बंद.

आई दिवाळीच्या आधी परत गेली. जाण्यापूर्वी चित्रकार मित्रानं तिला भाकरी थापताना बसून रेखाटलं. त्यामुळे डर्बीशायरच्या आमच्या खेड्यातला ब्रेड आता गोल, चपटा आणि मधे थोडा करपलेला आहे. खेळणाऱ्या इंग्रज पोरांना तो कसला आहे ते कळत नाही, पण पोट भरतं.

परवा फोनवर तिनं विचारलं, "त्या बाईचं काय झालं रे? दार उघडलं का कुणी?"

"काहींनी उघडलं. एकाला चावली ती."

"आन बाकीच्यांनी?"

"बऱ्याच जणांनी गोठा दाखवला. भाकरी बाहेर ठेवली."

"नाव विचारलं का?"

"विचारतात आता."

"मग चाललंय की," ती म्हणाली आणि इकडे थंडी किती पडली ते विचारू लागली.